उपाय म्हणून आणलेला क्रेफिश : स्वीडनचे प्रकरण

१९०७ साली स्टॉकहोमलगतच्या मेलारेन तलावातले क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकड्या-कोळंबीच्या जातकुळीचे प्राणी, पटापट मरू लागले. फिनलंडहून बोटीने आलेल्या मालातले पुष्कळ क्रेफिश वाटेतच मेलेले निघाले आणि व्यापाऱ्याने ते सरळ तलावात फेकून दिले, अशी त्यामागची हकीकत सांगितली जाते. फिनलंडमध्ये हा रोग १८९३ साली पोहोचला होता. त्याआधी जर्मनी आणि फ्रान्स, आणि सगळ्यांत आधी, १८६० च्या आसपास, उत्तर इटलीतले पो नदीचे खोरे. रोगाला ‘क्रेफिश प्लेग’ म्हणतात. माणसाच्या प्लेगशी त्याचे काही नाते नाही आणि माणसाला तो होतही नाही. पण युरोपातल्या मूळच्या क्रेफिशची एखाद्या तलावातली अख्खी वसाहत तो काही आठवड्यांत संपवू शकतो.

पुढच्या शंभर वर्षांत स्वीडनने नोबल क्रेफिश या आपल्या मूळच्या प्रजातीच्या ९५ टक्क्यांहून अधिक वसाहती गमावल्या. एकेकाळी गावोगावच्या ओढ्यांत सापडणारा हा प्राणी आज तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. या हानीचा सगळा दोष मात्र १९०७ च्या त्या बोटीच्या माथी मारता येत नाही. साथ सुरू झाल्यावर अर्ध्या शतकाने तिच्यावर उतारा म्हणून अमेरिकेतून दुसरा क्रेफिश आणला गेला. तो कुणाच्या हलगर्जीपणाने आला नाही, चोरूनही आला नाही. जाणकारांनी विचार करून, उघडपणे, मत्स्यव्यवसायाच्या भल्यासाठी आणला. आक्रमक प्रजातींच्या बहुतेक गोष्टींत कुठेतरी एक निष्काळजी माणूस असतो. या गोष्टीच्या दुसऱ्या भागात तो नाही, म्हणून ती जास्त बोचते.

प्राणी

क्रेफिश हा खेकडा, कोळंबी आणि शेवंड यांच्या गणातला, दहा पायांचा, गोड्या पाण्यातला प्राणी. जगात त्याच्या साडेसहाशेच्या वर प्रजाती आहेत. निम्म्याहून अधिक उत्तर अमेरिकेत, उरलेल्यांतला मोठा वाटा ऑस्ट्रेलियात. युरोपाच्या वाट्याला मोजक्याच आल्या, आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर किंवा भारतीय उपखंडात मूळचा क्रेफिश एकही नाही. ही विषम वाटणी लक्षात ठेवावी, कारण रोगाचे मूळ तिच्यातच आहे.

नोबल क्रेफिश सावकाश जगणारा प्राणी आहे. दिवसा दगडाखाली किंवा काठाच्या बिळात, रात्री बाहेर. पाणवनस्पती, गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, कुजकी पाने, मेलेले मासे, जे मिळेल ते खातो. त्यामुळे तळाची साफसफाई आणि वनस्पतींची वाढ, दोन्हींवर त्याचा हात असतो. उत्तरेकडच्या थंड पाण्यात वयात यायलाच त्याला तीन ते पाच वर्षे लागतात. शरद ऋतूत नर-मादीचा संयोग होतो, मग मादी साधारण शंभर ते दोनशे अंडी आपल्या पोटाखालच्या पोहपायांना चिकटवून घेते आणि सगळा हिवाळा ती तशीच वागवते. पिल्ले बाहेर पडतात ती पुढच्या उन्हाळ्यात, आणि सुरुवातीचे दिवस आईलाच लटकून राहतात. इतक्या संथ गतीने वाढणारी वसाहत एकदा बुडाली की ती भरून यायला वर्षानुवर्षे जातात.

वाढायचे तर कवच टाकावे लागते, आणि नवे कवच घडवायला कॅल्शियम लागते. गोड्या पाण्यात ते समुद्राइतके मुबलक नसते. म्हणून कात टाकण्याआधी क्रेफिश जुन्या कवचातले काही कॅल्शियम काढून घेतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपात साठवून ठेवतो. जुन्या काळी युरोपातले वैद्य या चकत्या औषध म्हणून देत. कात टाकल्यावरचे काही दिवस अंग मऊ असते आणि तो प्राणी कुणाच्याही हाती सापडू शकतो: माशाच्या, मिंकच्या, दुसऱ्या क्रेफिशच्या.

आता या प्रकरणाला थेट लागणारी बाब. आपल्यासारखी प्रतिपिंडे क्रेफिशकडे नसतात. एकदा झालेला रोग लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्याला हेरणारी आपल्यासारखी व्यवस्था त्याच्याकडे नाही. त्याची भिस्त असते कवचावर आणि रक्तपेशींतल्या काही विकरांवर (एन्झाइमांवर). परका जीव कवचात शिरला की ही विकरे साखळीने जागी होतात आणि त्याच्याभोवती मेलॅनिनचे काळे आवरण तयार करतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात केनेथ सोडरहेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी दशकानुदशके उलगडत नेली. कीटकांच्या आणि कवचधारी प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीबद्दल आज जे माहीत आहे, त्याचा बराच भाग क्रेफिशच्या मरणाच्या चौकशीतून आलेला आहे.

रोग

रोगकारकाचे नाव अफॅनोमायसिस अस्टासी. त्याला सवयीने बुरशी म्हणतात, पण खऱ्या बुरशीशी त्याचे नाते दूरचे आहे. तपकिरी शैवाल आणि डायटम हे एकपेशीय शैवाल त्याला अधिक जवळचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत शिकोरा यांनी त्याच्यावर बोट ठेवले, आणि १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये त्याचे शुद्ध संवर्धन करून रोगाशी त्याचा संबंध पक्का झाला. म्हणजे युरोपात पहिले तलाव ओस पडल्यापासून कारण निर्विवाद ठरेपर्यंत सत्तरएक वर्षे गेली. दरम्यान जीवाणूंपासून परजीवी कृमींपर्यंत अनेकांवर संशय घेऊन झाला होता.

संसर्ग पसरतो तो पोहणाऱ्या बीजाणूंमधून. दोन शेपट्यांचा हा सूक्ष्म बीजाणू पाण्यात क्रेफिशचा माग काढतो, सांध्यांजवळच्या मऊ कवचावर बसतो, शेपट्या टाकतो आणि आत तंतू सोडतो. चुकून भलत्याच पृष्ठभागावर बसला तर पुन्हा नवा पोहणारा बीजाणू होऊन तो दुसरी, तिसरी संधी घेऊ शकतो. नोबल क्रेफिशला लागण झाली की त्याची वागणूक बिघडते. रात्रीचा प्राणी भर दिवसा उघड्यावर फिरतो, पाय ताठ करून काठ्यांवर चालल्यासारखा चालतो, शेपटीचा झटका देऊन पळण्याची ताकद जाते. मग तो उताणा पडतो.

या रोगकारकाची एक मर्यादा आहे आणि सगळे प्रकरण तिच्याभोवती फिरते. वर्षानुवर्षे सुप्त पडून राहणारी अवस्था त्याच्याकडे नाही. यजमान न मिळाल्यास बीजाणू थंड पाण्यातही काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतात. वाळवल्यावर किंवा उकळल्यावर मरतात. तलावातला शेवटचा क्रेफिश मेला की रोगही त्याच्यामागून जातो. १९०७ नंतरच्या अर्ध्या शतकात स्वीडनमध्ये हेच घडत होते. तलाव ओस पडे, काही काळाने लोक तिथे पुन्हा नोबल क्रेफिश सोडत, काही ठिकाणी ते तगून वाढतही. मग जाळी, पिंजरे, आमिषाचे मासे नेण्याचे पाणी किंवा जिवंत मालाची खोकी यांतून शेजारच्या खोऱ्यातून रोग पुन्हा येई. नुकसान मोठे होते, कंटाळा आणणारे होते, पण प्रत्येक साथीला शेवट होता.

निर्णय

स्वीडनमध्ये ऑगस्टमधली क्रेफिश मेजवानी हा जवळजवळ सणच आहे. कागदी कंदील, बडीशेपेसारख्या डिलच्या तुऱ्यांबरोबर उकडलेले लालभडक क्रेफिश, मद्याबरोबर गाणी. शिवाय बऱ्याच ठिकाणी पाण्यातल्या मासेमारीचा हक्क काठच्या जमीनमालकाकडे असतो, त्यामुळे ओस पडलेला तलाव म्हणजे अनेक कुटुंबांचे बुडालेले उत्पन्न. पन्नास वर्षे साथ चालल्यावर ‘आता काहीतरी करा’ हा दबाव किती असेल, याचा अंदाज करता येतो.

पर्याय फारसे नव्हते. रोगावर औषध नव्हते. पाणथळ निसर्गात ते वापरण्याची सोयही नव्हती. पुन्हा पुन्हा नोबल सोडत राहणे खर्चिक होते. तिसरा मार्ग जर्मनीने नकळत दाखवून ठेवला होता. १८९० साली माक्स फॉन डेम बोर्ने यांनी अमेरिकेतून शंभरेक काटेगाल क्रेफिश आणून तळ्यात सोडले होते. ते जगले, पसरले, प्लेगने मेले नाहीत. मात्र ते आकाराने लहान आणि खाण्याच्या दृष्टीने कमअस्सल. तेव्हा स्वीडिश मत्स्यशास्त्रज्ञ गुन्नार स्वॅर्दसन यांनी जो प्रश्न घेतला तो असा: रोगाला दाद न देणारा, पण नोबलसारखा मोठा, चवदार आणि थंड पाण्यात रमणारा अमेरिकन क्रेफिश आहे का?

होता. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा सिग्नल क्रेफिश. नांगीच्या सांध्यावर पांढरट-निळसर ठिपका, बाकी रूप नोबलच्या इतके जवळचे की ताटात फरक कळू नये. १९६० साली कॅलिफोर्नियातून काही डझन आणून स्वीडनमधल्या लहान तलावांत सोडले. ते रुजले. १९६९ मध्ये टाहो तलाव आणि आसपासच्या पाण्यातून हजारोंच्या संख्येने प्रौढ क्रेफिश आले. पुढे देशातच पिल्ले वाढवण्याची सोय झाली, शेकडो तलावांत ती सोडली गेली आणि स्वीडनमधून इतर युरोपीय देशांनाही गेली. फिनलंडने १९६७ पासून हाच मार्ग धरला होता. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यात सिग्नल शेतीसाठी पोहोचला.

युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. जागा रिकामी आहे. तिथे तसाच दुसरा प्राणी बसवू. तो मरणार नाही. त्या काळच्या मत्स्यव्यवसायात हा विचार अगदी रुळलेला होता, मासे या खंडातून त्या खंडात नेणे हे विकासाचे काम मानले जाई. मला यातली अडचण ‘रिकामी’ या शब्दापाशी दिसते. काही तलाव खरेच ओस होते, पण त्याच नदीच्या वरच्या टप्प्यात, शेजारच्या ओढ्यात नोबल अजून होते. नकाशावर तलाव सुटे दिसतात, पाण्यात ते जोडलेले असतात, आणि जिथे पाणी जोडलेले नसते तिथे माणसे बादली घेऊन जातात.

दाद न देणे म्हणजे काय

सिग्नल प्लेगने मरत नाही, याचा अर्थ त्याला प्लेग होत नाही असा लावला गेला. प्रत्यक्षात त्याच्या कवचात रोगकारक असतोच. फरक प्रतिकाराच्या वेगात आहे. नोबलमध्ये मेलॅनिनची साखळी लागण झाल्यावर, आणि उशिरा, सुरू होते. तोवर तंतू कवच ओलांडून आत गेलेले असतात. सिग्नलमध्ये ती यंत्रणा कायम चढ्या पातळीवर तयार असते. तंतू शिरताच त्यांच्याभोवती काळे आवरण बसते आणि ते कवचातच कोंडले जातात. कोंडले जातात, मरत नाहीत. क्रेफिश कात टाकतो, दुसऱ्या आजाराने खंगतो किंवा मरतो, तेव्हा तिथून बीजाणू पाण्यात सुटतात. लाखो वर्षे एकत्र राहिलेल्या यजमान आणि परजीवी यांच्यातला हा समझोता आहे, आणि तो उत्तर अमेरिकेत झालेला आहे. युरोपातल्या प्रजाती त्याच्या वेळी हजरच नव्हत्या.

उप्सालाचेच तोर्ग्नी उनेस्ताम यांनी १९६९ ते १९७२ या काळात वेगवेगळ्या खंडांतल्या क्रेफिशांवर प्रयोग करून हे चित्र पुढे आणले: अमेरिकन प्रजाती टिकतात, युरोपीय आणि जपानी मरतात, तेव्हा रोगाचे मूळ उत्तर अमेरिकाच असणार. पण मोठी आयात तोवर होऊन गेली होती. १९६० साली ही माहिती नव्हती, हे मान्य केले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या सिग्नलमधला रोगकारक हेरणे तेव्हा अवघड होते आणि जनुकीय चाचण्या अस्तित्वात नव्हत्या. तरीही १९६० आणि १९६९ यांच्यामध्ये नऊ वर्षे होती. सिग्नल आणि नोबल एकाच टाकीत ठेवून वाट पाहायला जनुकशास्त्र लागत नाही. तपासले गेले ते मुख्यतः सिग्नल तगतो का, वाढतो का. शेजाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मागे राहिला.

१९९४ मध्ये सोडरहेल यांच्या गटाने रोगकारकाच्या नमुन्यांची डीएनए-छाप तपासली तेव्हा हिशेब स्पष्ट झाला. जुन्या साथीतले नमुने एका गटाचे होते. सिग्नल आल्यानंतरच्या साथींत मेलेल्या नोबलमधून मिळालेले नमुने दुसऱ्या गटाचे, आणि तो गट टाहोच्या सिग्नलमध्ये सापडणाऱ्याशी जुळत होता. उपायाने स्वतःचा वेगळा प्लेग आणला होता.

याहून वाईट म्हणजे, साथीला असणारा शेवट गेला. पूर्वी शेवटच्या नोबलबरोबर रोग संपे. आता सिग्नल असलेल्या पाण्यात तो कायमचा मुक्कामाला होता. अशा तलावात नोबल परत आणण्याची शक्यताच मिटली. १९०७ च्या बोटीने जे केले नव्हते ते इथे झाले, आणि माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा हाच आहे.

रोग नसतानाही

काही तलावांत सिग्नल आणि नोबल काही काळ एकत्र राहिले, प्लेग न भडकता. ब्यर्न सोडरबॅक यांनी १९९० च्या दशकात अशा एका स्वीडिश तलावाचा अभ्यास केला. तिथेही नोबल वर्षागणिक घटत गेला आणि सिग्नल त्याची जागा घेत गेला. सिग्नल लवकर वयात येतो, जास्त अंडी घालतो, आडोशासाठीच्या भांडणात वरचढ ठरतो. आडोसा गेलेला लहान नोबल माशांच्या तोंडी जातो. शिवाय सिग्नल नर नोबल मादीशी जुळतो, पण त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. वर्षाला एकदाच अंडी घालणाऱ्या मादीचा तो हंगाम फुकट जातो. म्हणजे रोगमुक्त सिग्नल आणला असता तरी नोबलचा बचाव झाला असता असे नाही, फक्त वेळ जास्त लागला असता.

हिशेबाची दुसरी बाजू

मासेमारीच्या दृष्टीने उपाय चालला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेटर्नसारख्या प्रचंड तलावात सिग्नलची मासेमारी उभी राहिली, काठच्या लोकांना उत्पन्न मिळाले, ऑगस्टची ताटे पुन्हा देशी पाण्यातून भरू लागली. मधल्या काळात स्वीडन तुर्कस्तानातून क्रेफिश आणत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथेही प्लेग पोहोचला आणि तो पुरवठा कोसळला. त्यामुळे घरच्या सिग्नलचे मोल आणखी वाढले.

याच यशाने तो पसरला. अधिकृत परवान्यांनी जितके तलाव भरले त्यापलीकडे लोकांनी स्वतः, बेकायदा, रात्रीतून भरले. शेजाऱ्याच्या तळ्यात पैसा दिसतो आणि आपल्यात नोबलचे चारदोन पिंजरे, तेव्हा कायदा कुणाला आठवतो? नोबलला बाजारात अधिक भाव मिळतो, पण तो हाती लागायला हवा.

एकविसाव्या शतकात यशालाही तडे गेले. स्वीडनमधल्या अनेक तलावांत सिग्नलच्या वसाहती काही दशके फोफावून अचानक ढासळल्या. कारणे एकेरी नसावीत: दाटी, ताण, हवामान, आणि तोच प्लेग. कमकुवत झालेला सिग्नल त्याला बळी पडू शकतो. कायमचा उपाय म्हणून आणलेला प्राणी कायम टिकेलच असेही निघाले नाही.

शेजाऱ्याचा मार्ग

नॉर्वेने सिग्नल आणायला परवानगी दिली नाही. प्लेग तिथे १९७१ मध्ये स्वीडनकडून येणाऱ्या सीमावर्ती पाण्यातून शिरला, आणि २००६ मध्ये बेकायदा सोडलेले सिग्नलही सापडले. म्हणजे नकार दिल्याने नॉर्वे पूर्ण वाचला नाही. पण त्याच्या साथी मुख्यतः सीमेपुरत्या राहिल्या, आणि रोग ओसरल्यावर नोबल पुन्हा सोडण्याचा मार्ग खुला राहिला. लहान, बंदिस्त तळ्यांत सापडलेले सिग्नल नॉर्वेने पायरेथ्रॉइड कीटकनाशक वापरून आणि नंतर पाणी उपसून संपवलेही. तळे लहान असेतोवर हे शक्य आहे. वेटर्नच्या बाबतीत तसा विचारही करता येत नाही.

फिनलंडमधल्या संशोधनाने आणखी एक खंत वाढवली. तिथे जुन्या गटाच्या रोगकारकाचे सौम्य प्रकार आढळले आणि अशा सौम्य संसर्गासह जिवंत राहणारे नोबलही. शतकभराच्या मरणातून दोघांत हळूहळू काही जुळत होते. सिग्नलबरोबर आलेला नवा गट मात्र नोबलला तसाच झपाट्याने मारतो.

सध्याची स्थिती

युरोपीय संघाच्या ११४३/२०१४ या नियमानुसार २०१६ मध्ये आक्रमक प्रजातींची पहिली यादी लागू झाली. तीत पाच अमेरिकन क्रेफिश होते आणि सिग्नल त्यांपैकी एक. स्वीडनपुढे पेच होता: ज्याच्यावर हजारो लोक मासेमारी करतात तो प्राणी रातोरात बेकायदा कसा ठरवायचा? तोड अशी निघाली की तो जिथे आधीच सर्वत्र आहे त्या दक्षिणेकडच्या व्यवस्थापन क्षेत्रात मासेमारी चालू राहील. त्याबाहेर जिवंत सिग्नल न्यायचा नाही आणि कुठेही नव्याने सोडायचा नाही. टीकाकार म्हणतात, उत्पन्न मिळत राहिले की पसरवण्याचा मोहही राहतो. मला ही टीका रास्त वाटते, पण मासेमारी बंद केली तर पिंजरे टाकून तो कमी करणारेही कुणी उरत नाही, हेही खरे.

नोबलसाठी उरलेल्या जागा म्हणजे एकाकी तलाव, धबधब्यांच्या वरचे ओढे आणि गॉटलंड बेट. त्या राखायच्या तर मुख्य काम पहारा ठेवण्याचे आहे. पिंजरे आणि बूट एका पाण्यातून दुसऱ्यात नेण्याआधी पूर्ण वाळवणे, उकळणे किंवा गोठवणे हा नियम मच्छीमारांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. पहाऱ्याची पद्धत मात्र बदलली आहे. पूर्वी नॉर्वेत नदीत पिंजऱ्यांमध्ये नोबल क्रेफिश ठेवत. ते मेले की रोग आल्याचे कळे. आता ठरावीक अंतराने पाणी गाळून त्यातला डीएनए तपासतात. एकाच नमुन्यातून नोबल आहे का, सिग्नल आहे का आणि पाण्यात प्लेगचे बीजाणू आहेत का, हे तिन्ही समजते. बीजाणू सापडले, तर रोग वरच्या टप्प्यात पोहोचण्याआधी तिथली मासेमारी आणि बोटींची ये-जा थांबवायला वेळ मिळतो.